मोडीत काढण्यापूर्वीं

"भंगारांतून राष्ट्र उभें राहत नाहीं," हें वाक्य आम्हीं गेल्या वर्षीं एका व्याख्यानांत ऐकलें. व्याख्यान सोलापूर जिल्ह्यांतील केम गांवीं होतें, वक्ते बाहेरगांवचे व विद्वान् होते, आणि विषय 'खेड्यांची औद्योगिक उन्नति' असा भारदस्त होता. वाक्य संपतांच टाळ्या झाल्या. टाळ्या वाजविणाऱ्या मंडळींस एक गोष्ट ठाऊक नव्हती. ज्या ध्वनिवर्धकांतून तें वाक्य त्यांच्या कानीं पडलें, तो त्याच दिवशीं सकाळीं मुका होऊन पडला होता. गांवांतल्या एका सोळा वर्षांच्या मुलानें टाकून दिलेल्या दुसऱ्या एका यंत्राचें रोहित्र काढून त्यांत बसविलें, तेव्हां कोठें त्यास वाचा फुटली. वक्त्यांस हें कोणीं सांगितलें नाहीं, कारण पाहुण्यांचा मान राखण्याची आमच्या गांवची रीत आहे. तो मान वर्षभर राखून झाला. आतां उत्तर देण्यास हरकत नसावी.

केम हें करमाळें तालुक्यांतील गांव सोलापूर–दौंड लोहमार्गावर आहे, आणि महाराष्ट्रास तें ठाऊक आहे तें कुंकवामुळें. कुंकू म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें करंडा येतो. आमच्या डोळ्यांपुढें गिरणी येते. हळद दळावयाची म्हणजे चक्की आली, चक्कीमागें मोटार आली, मोटारीमागें पट्टा, पुली व बेअरिंग हीं आलीं. पुढें उजनी धरणाचें पाणी तालुक्यांत आलें, त्याच्यामागून ऊंस आला, आणि उंसामागून पाण्याच्या मोटारी व ट्रॅक्टर आले. जवळच्या कुर्डुवाडी जंक्शनास बार्शी लाइट रेल्वेचा, म्हणजे १८९७ सालीं सुरू झालेल्या छोट्या गाडीचा, कारखाना. त्याच्या आसऱ्यानें लोखंडाशीं बोलणारे हात ह्या भागांत तयार झाले. सारांश, यंत्रांचा जन्म पुण्यास होवो कीं परदेशांत होवो, त्यांचें म्हातारपण आणि मरण आमच्यासारख्या गांवीं होतें. जेथें यंत्रें मरतात तेथील लोकांनीं त्यांच्या अस्थींचें काय करावें, एवढाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

आमच्या परसांत पत्र्याची एक खोली आहे. घरची मंडळी तिला अडगळ म्हणतात, आम्ही कार्यशाळा म्हणतों. हा वाद कैक वर्षें चालू आहे व तो मिटण्याचें चिन्ह नाहीं. ह्या खोलींत विकत आणलेल्या वस्तु थोड्या. घांसणीचा दगड फिरतो तो एका टाकून दिलेल्या धुलाईयंत्राच्या मोटारीवर. धुलाईयंत्र बिघडलें म्हणून लोक टाकतात, तेव्हां पुष्कळदां त्याची पाण्याची झडप किंवा वेळेची कळ तेवढी गेलेली असते. मोटार ठणठणीत असते. संगणकाच्या जुन्या प्रिंटरांत पोलादी दांडे मिळतात, इतके सरळ आणि गुळगुळीत कीं तसे घडविण्यास चांगल्या कारागिरासही घाम फुटेल. शिवाय पावलापावलानें फिरणारी एखादी चिमुकली मोटार हातीं लागते ती वेगळीच. निकामी हार्ड डिस्कमधून निघणारीं लोहचुंबकें बोट चेंगरतील इतकीं जोरदार असतात. ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा लोहाराकडे नेला कीं त्याची छिन्नी होते, खुरपें होतें, कारण तें पोलाद पाणी धरणारें असतें. आणि मोडक्या सायकलीचें चाक व दांडा घेऊन केलेलें सायकल-कोळपें तर आमच्या शिवारांत इतकें रूढ झालें आहे कीं, तें कोणाच्या तरी परसांतील खटपटींतून निघालें असेल ह्याची आज कोणास आठवणही होत नाहीं.

हें सारें फुकट मिळतें, पण आयतें मिळत नाहीं. आणि ह्या दोन शब्दांतील भेद ज्यास कळला नाहीं त्यास आमचा विषयच कळला नाहीं. 'कांहीं जुनेंपानें आहे का?' असें विचारीत दारोदार फिरणाऱ्यास कोणी कांहीं देत नाहीं, देऊंही नये. परंतु मोटारींचें रिवाइंडिंग करणाऱ्याकडे जाऊन, '२५ मिलिमीटर दांड्यावरचें ६२०५ क्रमांकाचें बेअरिंग निघालेलें असेल तर पाहिजे. थोडें खडखडत असलें तरी चालेल, हळू फिरवावयाचें आहे,' असें सांगणाऱ्यापुढें तो स्टूल सरकवितो. मागणारास काय हवें आहे, कशाला हवें आहे, आणि किती झिजलेलें चालेल, ह्या तिन्ही गोष्टी कळतात हें त्यास दिसतें. असा मनुष्य त्याच्या दृष्टीनें याचक राहत नाहीं, सोबती होतो. येथें पैका पडत नाहीं. पण डोकें पडतें, आणि पायपीट पडते.

विद्वान् वक्त्यांचा पहिला मुद्दा असा होता कीं, टाकलेल्या वस्तूंशीं खेळणें हा पोरखेळ आहे; मोठीं कामें नव्या सामग्रीनेंच होतात. हें मासिक ज्या छापील अक्षरांवर जगतें, त्या मराठी मुद्रणाचा इतिहास ह्या मुद्द्यास उत्तर म्हणून पुरेसा आहे. मुंबईंत गणपत कृष्णाजी ह्या गृहस्थांनीं अमेरिकन मिशनचा शिळाछापखाना पाहिला आणि आपणही छापावें असें मनांत घेतलें. त्यांनीं लांकडाचें यंत्र करविलें, हाताशीं मिळालेल्या दगडाच्या तुकड्यांवर प्रयोग केले, शाई आपली आपण तयार केली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून बाजारांत आणलें. गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचें वर्णन' ह्या १८६३ च्या ग्रंथांत त्यांच्या खटपटीची हकीकत आहे. छापील कागदाचा विटाळ मानणारे लोक त्या वेळीं होते. ते आज कोणास आठवत नाहींत, पंचांग मात्र घरोघरीं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर केला, त्यापूर्वीं बेळगांवास त्यांचें सायकलींचें दुकान होतें. यंत्र उघडून पाहणारा मनुष्यच पुढें यंत्र निर्माण करितो. आणि नव्या कोऱ्या यंत्राचीं पोटें उघडूं देण्याइतका उदार बाप आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाहीं. शिकाऊ हातांना चुकण्याची मोकळीक पाहिजे, ती मोडक्याच यंत्रावर मिळते.

दुसरा आक्षेप लाजेचा आहे, आणि तो थट्टेनें उडवून देण्यासारखा नाहीं. 'लोकांनीं टाकलेलें उचलणें हें कमीपणाचें आहे,' असें सभेंतल्या पुष्कळांस वाटतें. ज्यांच्या माडीवर तीन बंद पडलेले दूरदर्शन संच केवळ प्रतिष्ठेखातर पडून आहेत, त्यांची लाज आम्ही लाज समजत नाहीं. तो गर्व आहे. परंतु आपल्या समाजांत कांहीं जातींवर टाकलेलें घेण्याची सक्तीच होती. मेलेलें ढोर, उतरलेलें वस्त्र, उरलेलें अन्न हीं त्यांनीं निमूटपणें स्वीकारावीं असा गांवगाड्याचा दंडक होता. १९२७ सालीं महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांस मृत मांस व उष्टें ह्यांचा त्याग करावयास सांगितलें, तें ह्या अपमानाचें मूळ तोडण्यासाठीं. ज्यांच्या आजोबांनीं टाकलेल्या वस्तु नाकारून माणुसकी मिळविली, त्यांच्या नातवांस परसांत शेड असलेल्या आमच्यासारख्यांनीं 'टाकलेलें उचला' असा उपदेश करणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच तो फार जपून केला पाहिजे.

आमचें म्हणणें असें आहे कीं, भेद वस्तूंत नसून निवडींत आहे. जें दुसरा आपल्या अंगावर टाकतो तें उष्टें. जें आपण पारखून, नांव घेऊन मागतों, आणि नको असल्यास नाकारतों, तें साहित्य. जुन्या बलुत्यांत लोहार फाळ शेवटून देत असे, सुतार मोडक्या गाडीचें लांकूड दुसऱ्या गाडीस लावीत असे. ती विद्या थोर होती, पण ती जातीच्या खुंट्यास बांधलेली होती. त्या विद्येचा खुंटा उपटावयाचा आहे, विद्या उपटून टाकावयाची नाहीं. आज आमच्या खोलींत येणाऱ्या मुलांमध्यें सर्व आळींचीं मुलें असतात, आणि कानस चालविण्याचा अधिकार कोणाचा हें कानसच ठरविते.

आतां ज्या आक्षेपासाठीं हा लेख लिहावा लागला त्याकडे वळतों. तो कोणी बोलून दाखवीत नाहीं. तो कचेऱ्यांतून आचरला जातो. एका कचेरीच्या आवारांत (नांव सांगत नाहीं, कारण प्रश्न एका कचेरीचा नव्हे) लिंबाच्या झाडाखालीं एक जुनें लेथ अकरा पावसाळे पडून होतें. त्याचा बिडाचा सांगाडा गंजला होता, पण चार जबड्यांचा चक कोण्या भल्या माणसानें वंगण फांसून ठेविल्यामुळें शाबूत होता. आम्हीं अर्ज केला कीं, चक तेवढा द्यावा. शाळेच्या नांवानें फुकट द्यावा, नाहीं तर लोखंडाच्या वजनाची किंमत घ्यावी. उत्तर आलें, 'सुटा भाग देतां येत नाहीं. सर्व माल लॉटमध्यें जाईल.' लॉट कित्येक टनांचा. त्यासाठीं भरावयाची अनामत आमच्या साऱ्या खोलीच्या किंमतीहून अधिक. आम्ही घरीं आलों.

दोन महिन्यांनीं सडकेकडेच्या एका भंगाराच्या दुकानापुढें तेंच लेथ दिसलें. ट्रकमध्यें बसेना म्हणून त्याचा सांगाडा घणानें फोडून चार तुकडे केले होते. आम्ही तेथें उभे राहिलों तें पाहून दुकानदार आंत गेला आणि गोणपाटांत गुंडाळलेलें कांहीं जड घेऊन बाहेर आला. "ह्ये तुमी मागत हुता न्हवं, सर? न्ह्या की. म्या घण उचलला व्हता, पर ह्येला मारवंना." आम्हीं पैसे पुढें केले. "ठिवा. पोरगं तुमच्याकडं शिकलंय," एवढें बोलून तो तराजूकडे वळला.

तो चक आज आमच्या खोलींत आहे, आणि त्याच्याकडे पाहतांना आम्हांस दर वेळीं तोच विचार सुचतो. ज्याचा धंदाच तोलण्याचा, त्यानें आधीं पाहिलें. आणि ज्यांचें काम पाहण्याचें, त्यांनीं नुसतें तोललें. वस्तु मोडीत काढण्यापूर्वीं ती जाणत्या डोळ्याखालून गेली पाहिजे, आणि तींतील उपयोगी भाग मागणाऱ्या उपयोगी हातास फुकट मिळाला पाहिजे. तराजूची पाळी डोळ्यानंतरची आहे. आमची सारी मागणी एवढीच आहे.

कचेरी म्हणेल, नियम आडवा येतो. नियम काढून पाहूं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत निरुपयोगी मालाच्या विल्हेवाटीविषयीं असें सांगितलें आहे कीं, दोन लाख रुपयांहून अधिक शेष किंमतीचा माल निविदेनें किंवा जाहीर लिलांवानें विकावा. त्याहून कमी किंमतीच्या मालाची विल्हेवाट कोणत्या रीतीनें लावावयाची हें सक्षम अधिकाऱ्यानें ठरवावें. हे नियम प्रत्येक कचेरीस व प्रत्येक संस्थेस लागू नाहींत हें आम्ही जाणतों. परंतु खुद्द देशाच्या तिजोरीचे नियम जेथें अधिकाऱ्याच्या विवेकास जागा ठेवतात, तेथें तालुक्याच्या कचेरीनें विवेकास बंदी आहे असें म्हणणें हें नियमपालन नव्हे. तो आळस आहे. सर्व माल एका कांट्यावर चढविला कीं एक पावती होते व एक सही लागते. वेगळा काढला कीं दहा वस्तूंस दहा प्रश्न पडतात. तो त्रास चुकविण्यासाठीं सारी मोड एकदम विकली जाते, आणि मग त्यास पारदर्शकता असें नांव मिळतें.

ह्यांत एक खरा मुद्दा आहे तो नाकारूं नये. लिलांवाची पद्धत चोरीवरचा उपाय म्हणून आली. अधिकाऱ्यानें सुटे भाग वाटण्यास आरंभ केला तर ते मेहुण्याच्या घरीं जातील, ही भीति खोटी नव्हे. म्हणून आम्ही गुपचूप देणगी मागत नाहीं. रेल्वेच्या आवारांत पडलेला नट देखील परस्पर उचलणाऱ्यास १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्यानें शिक्षा आहे, आणि ती असावी. आम्हांस पाहिजे तें उघड्यावर पाहिजे: लिलांवापूर्वीं आठ दिवस माल मांडून ठेवावा, फळ्यावर यादी लावावी, तांत्रिक शाळेस, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस आणि गांवांतील खटपट्या माणसास एकेक भाग नांवनिशीवार द्यावा, त्याचें वजन वहींत मांडावें. उरलें तें खुशाल तराजूवर चढवावें.

अर्थशास्त्राचे जाणते येथें म्हणतील, 'विकलेलें लोखंड वायां थोडेंच जातें? तें वितळून पुन्हां लोखंडच होतें.' होतें खरें. जालन्याच्या भट्ट्यांत देशोदेशींची मोड वितळून इमारतीच्या सळ्या होतात, आणि तो उद्योग महाराष्ट्रास भूषण आहे. पण हिशेब पुरा करावा. एक टन पोलाद विजेच्या भट्टींत वितळविण्यास साधारण ५०० ते ६०० युनिट वीज लागते. ती वीज बाजूस ठेवली तरी बेअरिंगच्या गोळ्या केसाहून बारीक मापापर्यंत घांसून गोल केलेल्या असतात. त्यांची सळई झाली म्हणजे ती सारी घांसाई नाहींशी झाली. भट्टींत लोखंड जळत नाहीं. जळतें तें त्यावर झालेलें मनुष्याचें काम. आणि तराजूस तें काम दिसत नाहीं. चांगल्या गिअरचा किलो आणि वांकड्या पत्र्याचा किलो त्याच्या मतें सारखाच. सरकारच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांची दृष्टिही बव्हंशी तराजूचीच आहे: उत्पादकाचें दायित्व फिटतें तें तांबें, लोखंड, ॲल्युमिनियम, सोनें अशा धातूंच्या वजनाच्या प्रमाणपत्रांनीं, दुरुस्त करून वस्तूचें आयुष्य वाढविलें तर तें दायित्व पुढें ढकललें जातें, फिटत नाहीं.

आणि न पाहतां तोलल्यानें केवळ नुकसान होतें असें नाहीं, जीवही जातो. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशाळेंतील एक किरणोत्सारी यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतें. २०१० च्या फेब्रुवारींत तें इतर मोडीबरोबर लिलांवांत गेलें. मायापुरीच्या भंगारबाजारांत मजुरांनीं तें फोडलें, तेव्हां आंत कोबाल्ट-६० होता. एक मजूर मरण पावला, इतर कित्येक होरपळले. विद्यापीठासारख्या ज्ञानाच्या घरांत ती वस्तु ओळखणारा डोळा नव्हता असें कोण म्हणेल? डोळा होता, त्यास कोणीं विचारलें नाहीं.

हाच धडा घरच्या कारागिरासही लागू आहे, आणि तो आम्ही आपल्याच मंडळींस सुनावतों. मायक्रोवेव्ह भट्टीचें रोहित्र फुकट मिळालें म्हणून हुरळून जाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं तिच्यांतील संधारित्र दोरी काढल्यानंतरही मारूं शकतें. जुन्या काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचांत तीच गोष्ट आहे. फुगलेली लिथियम बॅटरी उघडूं नये. तांब्यासाठीं तारा जाळूं नयेत. तो धूर पोरांच्या छातींत जातो. ज्या भागाचें नांव व स्वभाव ठाऊक नाहीं तो भाग, कितीही देखणा असो, घरांत आणूं नये. न पाहतां उचलणारा कारागीर आणि न पाहतां विकणारा कारकून ह्यांत आम्ही भेद करीत नाहीं.

येथेंच आमचा तंटा तिसऱ्या एका पक्षाशींही आहे, आणि हा पक्ष आमचा मित्र म्हणवितो. हे लोक जुन्या भागांतून केलेल्या प्रत्येक वस्तूस 'जुगाड' म्हणून गौरवितात. २०२१ सालीं सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या एका लोहारानें जुन्या गाड्यांचे भाग जुळवून लहानशी चारचाकी केली. तिची चित्रें देशभर फिरली; एका मोठ्या उद्योगपतींनीं तिच्या बदल्यांत त्यास नवी मोटार दिली, हें त्यांचें औदार्यच. पण आमच्या सुशिक्षितांनीं काय केलें? ते हांसले, टाळ्या वाजविल्या, 'काय डोकें आहे!' म्हणाले, आणि दुसरें चित्र पाहूं लागले. त्या लोहाराच्या हातीं मापाचीं साधनें, जोडाई तपासण्याची सोय आणि चांगलें लेथ असतें तर त्यानें काय केलें असतें, हा प्रश्न टाळ्यांत बुडून गेला. गरिबाची कमतरता ही त्याची कला म्हणून मिरविणें हा सुखवस्तूंचा नवा खेळ आहे. आम्हांस कमतरता नको आहे. जुना भाग वापरला म्हणून सांधा ढिला चालेल असें आम्ही मुलांस शिकवीत नाहीं. गवंड्याच्या ओळंब्यास वीट जुनी कीं नवी हें कळत नाहीं. भिंत सरळ आहे कीं नाहीं एवढेंच कळतें.

आणखी एक आक्षेप आमच्या विरोधकांस सुचला नाहीं. तो आमचा आम्हांसच सुचला व कांहीं दिवस बोचत राहिला. आपण ज्यास फुकट म्हणतों तें खरोखर फुकट असतें काय? रस्त्यावरचा पत्रा, कांच, तार वेंचून त्यावर घर चालविणारीं माणसें आहेत. पुण्यास १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती ह्याच माणसांच्या हक्कासाठीं. आम्ही हौशी लोक चार चांगले भाग फुकट उचलूं लागलों, तर त्यांच्या टोपलींतलें तेवढें वजन कमी होतें. हौसेनें पोटाच्या ताटांतून घांस घेणें ही कारागिरी नव्हे. म्हणून आम्हीं आपल्यापुरता एक नियम केला आहे: वजनास वजन. तीन किलोची मोटार उचलावयाची तर आपल्या खोलींतील तीन किलो कापलेलें, छिलका झालेलें, निरुपयोगी लोखंड दुकानदाराच्या ढिगांत टाकावयाचें. भागांत तांबें असेल तर तेवढें तांबें द्यावयाचें. त्याचा तराजू तृप्त राहतो, आमचें काम होतें, आणि कोणाचें कांहीं बुडत नाहीं. हा नियम त्या चकाच्या दुकानदारास सांगितला तेव्हां तो हांसला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानें तुळईला एक खोका टांगला, आणि त्यांत कामाचे भाग वेगळे पडूं लागले. सरकारी कचेरीस जें अकरा पावसाळ्यांत सुचलें नाहीं तें त्यास एका रात्रींत सुचलें.

मोड डोळ्यांपुढें उघडी असली म्हणजे काय होतें ह्याचें उदाहरण परदेशांतूनही देतां येईल. आफ्रिकेंतील मलावी देशांत २००१-०२ च्या दुष्काळांत फी भरतां येईना म्हणून विल्यम काम्क्वांबा नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाची शाळा सुटली. त्यानें गांवच्या ग्रंथालयांतलें एक पुस्तक वाचलें, मोडक्या यंत्रांच्या आवारांत जाऊन ट्रॅक्टरचा पंखा व मोटारीचा धक्काशोषक शोधून काढला, सायकलीचा सांगाडा व डायनामो त्यास जोडला, आणि घरांत पवनचक्कीचा दिवा लावला. जगानें त्याच्या बुद्धीचें कौतुक केलें तें योग्यच. पण तें आवार जर आमच्या कचेरीच्या ताब्यांत असतें, तर त्या मुलास तेथें काय उत्तर मिळालें असतें हें वाचकांस सांगावयास नको.

महाराष्ट्रांत ह्या वाटेनें चालणारे लोक नाहींत असें नाहीं. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला आणि शाळेंतलीं मुलें हातानें काम करीत शिकतात हें दाखवून दिलें. अरविंद गुप्ता ह्यांनीं पुण्याच्या आयुकांत कितीतरी वर्षें काड्यापेट्या, सायकलीच्या नळ्या व रिकाम्या बाटल्यांतून विज्ञान शिकविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पदवी दिली, सत्कार केले. पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मोडीचें फाटक मुलांसाठीं उघडलें नाहीं. सत्कार स्वस्त पडतो. फाटक उघडावयाचें म्हणजे कोणास तरी किल्ली शोधावी लागते.

म्हणून उन्नतीचीं व्याख्यानें देणाऱ्यांस आमची विनंति अशी कीं, पुढच्या वेळीं त्यांनीं गांवांत येण्यापूर्वीं तालुक्याच्या एखाद्या कचेरीच्या मागच्या आवारांत दहा मिनिटें उभें राहावें, आणि तेथें जें गंजत पडलें आहे त्यांतील किती वस्तूंचीं नांवें आपणांस सांगतां येतात हें मोजावें. ज्यांस नांवें सांगतां येतील ते आमच्या बाजूस येतील अशी आमची खात्री आहे. ज्यांस येणार नाहींत त्यांनीं तेथल्या शिपायास विचारावें. त्यास बहुधा ठाऊक असतें.

राहतां राहिला तो ध्वनिवर्धक. त्यांत त्या मुलानें बसविलेलें रोहित्रही जुनेंच होतें. अलीकडे तें तापूं लागलें आहे आणि अर्ध्या तासानें आवाज घोगरा होतो. पुढील व्याख्यान लांबलचक व्हावयाचें असेल तर तिसरें पाहिजे. बारा-शून्य-बारा व्होल्टचें, पांच अँपियरचें रोहित्र कोणाकडे पडून असेल तर कळवावें. बदल्यांत तेवढ्याच वजनाचें तांबें व लोखंड आमच्याकडे तयार आहे.